अल्मेरिया नावाचा सोंगाड्या

एक माणूस माद्रिदच्या कॅफेत बसतो आणि दोन एस्प्रेसो मागवतो. दोन वेगळ्या कपांत. वेटरने एकाच कपात दुप्पट कॉफी आणली की ती परत पाठवतो. मग कोणीतरी समोर येऊन बसतं, 'तुम्हाला स्पॅनिश येत नाही ना?' असं स्पॅनिशमध्येच विचारतं, चित्रकला किंवा जुने सिनेमे असल्या विषयावर थोडं बोलतं आणि काडेपेटीची अदलाबदल करून निघून जातं. काडेपेटीत चिठ्ठी असते, चिठ्ठीवर सांकेतिक आकडे आणि अक्षरं. माणूस ती वाचतो, तोंडात टाकतो आणि कॉफीच्या घोटाबरोबर गिळतो. त्याला नाव नाही, गाव नाही. पिस्तूल नको, मोबाइल नको, काम चालू असताना बाई नको, असे त्याचे नियम. माद्रिदहून सेव्हिल आणि तिथून अल्मेरिया असा त्याचा प्रवास होतो. शेवटी उजाड रानातल्या, बंदूकधाऱ्यांचा पहारा असलेल्या एका घरात तो अचानक आत बसलेला दिसतो आणि एका अमेरिकन माणसाचा गिटारच्या तारेने गळा आवळतो. आत शिरला कसा, हे दिग्दर्शक दाखवत नाही.

जिम जार्मुशचा 'द लिमिट्स ऑफ कंट्रोल' हा चित्रपट २००९ साली आला तेव्हा बऱ्याच समीक्षकांनी त्याचे वाभाडे काढले. गुन्हेगारीपट म्हणायचा आणि त्यात एक धड पाठलाग नाही, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. ख्रिस्तोफर डॉइलचं छायाचित्रण मात्र असं आहे की माणूस नुसता जिना चढला तरी बघत राहावं. नायक इसाक द बँकोले तासभर जवळजवळ काही बोलत नाही आणि तरी पडदा भरून उरतो. मला या चित्रपटात खरा रस आहे तो त्याच्या शेवटच्या मुक्कामामुळे. अबोल परका माणूस प्रवास करत करत येणार कुठे, तर अल्मेरियाला. हे ठिकाण जार्मुशने नकाशावर बोट ठेवून निवडलेलं नाही. तिथे असल्या माणसांची रीघ त्याच्याआधी पन्नास वर्षं लागलेली होती.

मला हे दिसलं त्याला कारण माझं गाव. मी वाईचा, शाळेत चित्रकला शिकवली, आणि सुट्ट्यांमध्ये शूटिंगवाल्यांची बोर्ड रंगवायची कामं केली. 'स्वदेस'मधलं उत्तर प्रदेशातलं चरणपूर म्हणजे आमची मेणवली. नाना फडणविसांच्या वाड्यामागचा घाट, ती घंटेची घुमटी, सगळं तेच. 'गंगाजल'मधला बिहारही आमच्याच परिसरात उभा राहिला. किराणा मालाच्या मराठी पाटीवर मी हिंदी पाटी रंगवून अडकवायचो आणि दुकानदार आठवडाभर परप्रांतात राहायला गेल्यासारखा गल्ल्यावर बसायचा. त्यामुळे एखाद्या गावाने दुसऱ्या गावाचं सोंग घेतलं की माझं लक्ष आधी पाटीच्या मागच्या भिंतीकडे जातं. अल्मेरियाच्या मागची भिंत फार जुनी आहे आणि तिला पोपडे धरलेत.

स्पेनच्या आग्नेय कोपऱ्यातला हा प्रांत. सिएरा नेवादा, फिलाब्रेस आणि अल्हामिया या डोंगररांगा पावसाचे ढग अडवतात आणि पलीकडे ताबेर्नासचा भाग कोरडा राहतो. वर्षाचा पाऊस २५० मिलिमीटरच्या आतबाहेर. तेवढा महाबळेश्वरला जुलैतल्या चार दिवसांत होऊन जातो. डोंगराच्या आडोशाला पाऊस कसा हुलकावणी देतो हे वाईकराला सांगायला नको, पण आमच्याकडे निदान कृष्णा वाहते. तिथल्या नद्या म्हणजे रुंद, कोरडे ओढे. 'रांब्ला' म्हणतात त्यांना. एखाद्या दिवशी लोंढा येतो, काठ खरवडून जातो, पुन्हा वर्षभर धूळ. लाखो वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचलेली मऊ माती अशा लोंढ्यांनी कापून काढली आहे, म्हणून तिथल्या टेकड्यांना अशा धारदार सुरकुत्या. छायाचित्रकाराला यापेक्षा वेगळं काय हवं? शिवाय वर्षाकाठी तीन हजार तासांच्या घरात ऊन.

पण उघडा डोंगर आणि ऊन जगात पुष्कळ ठिकाणी आहे. सिनेमावाले इथेच आले, त्याला दारिद्र्य हे दुसरं कारण आहे. एकोणिसाव्या शतकात हा प्रांत असा कंगाल नव्हता. इथली जाड सालीची द्राक्षं लाकडी पिंपांत बुचाच्या झाडाच्या भुशात घालून लंडनला आणि न्यूयॉर्कला जायची आणि महिनोन्महिने टिकायची. डोंगरातून लोहखनिज निघे. अल्मेरियाच्या बंदरात जहाजात खनिज ओतण्यासाठी एका ब्रिटिश कंपनीने १९०४ साली बांधलेला लोखंडी धक्का अजून समुद्रात पाय रोवून उभा आहे. मग फळमाशीच्या भीतीने अमेरिकेने १९२४ साली इथली द्राक्षं बंद केली. खाणी एकेक करून थंडावल्या. त्यानंतर यादवी युद्ध आणि फ्रँकोची राजवट. माणसं बार्सिलोनाला गेली, फ्रान्सला, जर्मनीला गेली. बार्सिलोनाचे लेखक हुआन गोयतिसोलो यांनी या भागातून फिरून १९६० साली 'काम्पोस दे नीहार' हे प्रवासवर्णन लिहिलं. त्यात वाटेत भेटणारे लोक पाण्याचं, कामाचं आणि परगावी गेलेल्या पोरांचं बोलतात, दुसरं फारसं काही बोलत नाहीत.

म्हणजे पुढे सिनेमाला जी रिकामी जमीन मिळाली ती मुळात रिकामी नव्हती. ती रिकामी झाली होती.

इथला खरा गुन्हा मात्र सिनेमाच्या आधीचा आहे. नीहारच्या माळावर कोर्तिखो देल फ्रायले नावाचा मोठा शेतवाडा आहे, अठराव्या शतकात डॉमिनिकन साधूंनी बांधलेला. २२ जुलै १९२८ च्या रात्री या वाड्यावर लग्न होतं. मुहूर्ताच्या काही तास आधी नवरी चुलतभावाबरोबर पळाली. वाटेत त्याला गोळ्या घालून मारलं, मारणारा नवऱ्या मुलाचा भाऊ. तिचाही गळा आवळला होता, पण ती जगली. त्यानंतर तिने लग्न केलं नाही. म्हातारी होईपर्यंत त्याच परिसरात गप्प राहिली. नाटककार लोर्काने ही बातमी वर्तमानपत्रात वाचली आणि तिचं नाटक केलं, 'बोदास दे सांग्रे'. त्याचा पहिला प्रयोग १९३३ साली माद्रिदला झाला. त्याच्याही आधी, १९३१ साली, याच प्रांतात वाढलेल्या कार्मेन दे बुर्गोस या लेखिकेने त्या घटनेवर लघुकादंबरी लिहिली होती. तिचं नाव आता फार थोड्यांना माहीत असतं. लोर्काची सावली फार मोठी पडते.

हा वाडा इटालियन दिग्दर्शक सेर्जियो लिओनेने १९६६ मध्ये घेतला आणि 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'त त्याचा ख्रिस्ती मठ केला. जखमी सैनिकांचा मठ, जिथे तुको या डाकूला त्याचा पाद्री झालेला भाऊ भेटतो. खून पडलेल्या लग्नघराला अमेरिकेच्या यादवीतलं इस्पितळ केलं आणि बघणाऱ्याला पत्ताच नाही. मी तो वाडा पाहिला तेव्हा त्याला कुंपण होतं, छप्पर बसलेलं होतं, दर्शनी भिंतीला तडे गेले होते. घंटेची चौकट तेवढी ताठ होती. आसपास एकही झाड नाही. खेचरावरून पळालेली नवरी त्या माळावर चांदण्यात किती लांबवरून दिसत राहिली असेल, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं.

मोठे कॅमेरे इथे आले ते लिओनेच्या थोडे आधी. डेव्हिड लीनने 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'साठी १९६२ साली कार्बोनेरासजवळच्या अल्गारोबिको किनाऱ्यावर अकाबा शहर उभं केलं. शेकडो घरांचे नुसते दर्शनी भाग. घोडेस्वार डोंगरातून सुसाट उतरतात, कॅमेरा त्यांच्याबरोबर वळत जातो आणि शेवटी समुद्राकडे तोंड केलेली निरुपयोगी तोफ दिसते, तो प्रसंग या किनाऱ्यावरचा. ताबेर्नासच्या एका कोरड्या ओढ्यात ओअॅसिससाठी ताडाची झाडं आणून लावली. तीच पुढे दुसऱ्यांच्या सिनेमांत दिसू लागली. आता अल्गारोबिकोच्या किनाऱ्यावर अकाबाच्या जागी एक अजस्र हॉटेल आहे. संरक्षित किनाऱ्यावर बांधलं म्हणून २००६ साली न्यायालयाने काम थांबवलं. तेव्हापासून ते पांढरं धूड पाहुण्यांवाचून उभं आहे. माझ्या धंद्यात सेट निदान उतरवून न्यायची पद्धत होती.

लिओनेच्या वेस्टर्नपटांतला अनोळखी माणूस मुळात जपानी. कुरोसावाच्या 'योजिंबो'मधला (१९६१) बेवारस सामुराई गावात येतो, दोन टोळ्यांना एकमेकांवर घालतो आणि निघून जातो. लिओनेने १९६४ साली त्याला घोड्यावर बसवलं, हॅट घातली आणि 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' केला. जपानी कंपनीने दावा लावला आणि पैसेही वसूल केले. पुढच्या 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर'साठी कलादिग्दर्शक कार्लो सिमीने ताबेर्नासमध्ये टेक्सासचं एल पासो बांधलं. ते गाव आजही आहे, तिकीट काढून बघता येतं आणि ठरल्या वेळी तिथे बँक लुटली जाते. मला त्या गावापेक्षा लोस अल्बारिकोकेस जास्त आवडलं. ते खरं गाव आहे. पांढरी चुन्याची घरं, दारात खुर्च्या. आता तिथल्या रस्त्यांना लिओनेच्या मंडळींची नावं दिली आहेत. गावाबाहेर एक खळं आहे. आपल्याकडे असतं तसंच, दगडांनी गोल आखलेलं, मधोमध जनावरं फिरवून कणसं मळायची जागा. शेवटचं द्वंद्व लिओनेने या खळ्यात लावलं. क्लिंट ईस्टवूड कठड्यावर बसून बघतो, मध्ये दोघे उभे, आणि घड्याळातलं गाणं संपेपर्यंत कोणी हलत नाही. लोक त्या वर्तुळाला सर्कस म्हणतात, बुलरिंग म्हणतात. अहो, खळं आहे ते. पीक येईनासं झालं म्हणून मोकळं पडलेलं खळं. मी कठड्यावर बसलो तर दगड तापलेला होता आणि फटीत वाळलेल्या गवताच्या काड्या होत्या.

गावातली माणसं या सिनेमांत होती, पण मेक्सिकन म्हणून. जिप्सी वस्तीतले लोक कधी मेक्सिकन व्हायचे, कधी अपाची. घोडे सांभाळणं, उंचावरून पडणं, सुतारकाम, रंगकाम, जेवणावळी, सगळ्याला स्थानिक हात लागायचे आणि शेतमजुरीपेक्षा पैसे बरे मिळायचे. फ्रँकोच्या सरकारला परकी चलन हवं होतं. पडद्यावर कुठला देश जळतोय याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं, स्पेन जळत नाही ना एवढं बघायचे.

१९६६ हे साल मात्र अल्मेरियाच्या इतिहासात जरा थांबून बघावं असं आहे. त्या वर्षीच्या १७ जानेवारीला सकाळी एक अमेरिकन बी-५२ बॉम्बर हवेत इंधन भरून घेताना टँकर विमानावर आदळला. अकरापैकी सात वैमानिक-सैनिक मेले आणि चार हायड्रोजन बॉम्ब खाली आले. तीन पालोमारेस नावाच्या खेड्यात आणि आसपास पडले, चौथा समुद्रात. जमिनीवरच्या दोघांमधली साधी स्फोटकं फुटली आणि टोमॅटोच्या शेतांवर प्लुटोनियमची धूळ पसरली. अणुस्फोट झाला नाही. मग या अनोळखी खेड्यात अमेरिकन सैनिक, तंबू, मोजणीची यंत्रं आणि गुप्तता आली. लोकांना काय पडलंय हे सांगितलंच नव्हतं. पिकं उपटली, माती खरवडली आणि सुमारे १४०० टन माती पिंपांत भरून जहाजाने अमेरिकेत साउथ कॅरोलायनाला नेऊन पुरली. द्राक्षांची पिंपं बंद झाल्यावर चाळीस वर्षांनी अमेरिकेने अल्मेरियातून पिंपं नेली ती अशी.

समुद्रातला चौथा बॉम्ब सापडेना. तो पडताना एका कोळ्याने पाहिला होता. फ्रान्सिस्को सिमो ओर्ट्‌स त्याचं नाव. तो सांगत होता की मला जागा दाखवता येते, मी रोज याच पाण्यात असतो. त्याच्या बोलण्यावर आरमाराचा विश्वास बसायला वेळ लागला. 'अल्विन' ही छोटी पाणबुडी शेवटी त्याने सांगितलेल्या भागातच बॉम्बपाशी पोचली आणि ७ एप्रिलला तो वर काढला. गावाने त्याचं नाव ठेवलं बॉम्बवाला पाको. मधल्या काळात, ८ मार्चला, स्पेनचे मंत्री मानुएल फ्रागा आणि अमेरिकेचे राजदूत अँजियर बिडल ड्यूक यांनी पालोमारेसच्या थंडगार पाण्यात कॅमेऱ्यांसमोर डुबकी मारून सगळं ठीक असल्याचं जाहीर केलं. त्या वर्षी अल्मेरियात चित्रित झालेला सगळ्यात वाईट अभिनय तो असावा. पालोमारेसची काही जमीन आजही कुंपणाआड आहे.

त्याच वर्षी याच प्रांतातली रोदाल्किलारची सोन्याची खाण बंद पडली आणि गाव ओस पडलं. त्याच उन्हाळ्याच्या आगेमागे लिओने कोर्तिखोच्या भिंतींपुढे युनियनचे सैनिक उभे करत होता. शरद ऋतूत बीटल्सचा जॉन लेनन आला. रिचर्ड लेस्टरच्या 'हाउ आय वन द वॉर'मध्ये त्याला सैनिकाचं काम होतं. केस कापलेले, डोळ्यांवर तो गोल चष्मा. अल्मेरियातल्या मुक्कामातच त्याने 'स्ट्रॉबेरी फील्ड्‌स फॉरएव्हर' लिहायला घेतलं. हुआन कारियोन हे इंग्रजीचे मास्तर कार्ताहेनाहून त्याला शोधत आले. ते वर्गात बीटल्सच्या गाण्यांवरून इंग्रजी शिकवत आणि ऐकून उतरवलेल्या शब्दांतल्या गाळलेल्या जागा त्यांना भरून हव्या होत्या. मास्तर माणूस! एवढा प्रवास केला, तर वही तपासून घ्यायला. लेननने त्या भरून दिल्या. एका मास्तराने केलेली ही वारी मला त्या सालातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते.

पालोमारेसपासून जेमतेम दहाएक किलोमीटरवर वेरा आहे. तिथल्या बुलरिंगसमोर इटालियन दिग्दर्शक अंतोनिओनीने 'द पॅसेंजर'चा (१९७५) शेवट चित्रित केला. जॅक निकल्सनचा वार्ताहर मेलेल्या माणसाचं नाव आणि पासपोर्ट घेतो, त्याच्या डायरीतल्या भेटीच्या तारखा पाळत युरोपभर फिरतो. तो मेलेला माणूस शस्त्रांचा व्यापारी होता हे त्याला उशिरा कळतं. शेवटच्या साताठ मिनिटांच्या एका सलग दृश्यात कॅमेरा हॉटेलच्या खोलीतून खिडकीच्या गजांकडे सरकतो, गजांतून बाहेर पडतो, मैदानात फिरून परत खिडकीशी येतो. तेवढ्यात आत खून झालेला असतो. हे एक दृश्य घ्यायला अकरा दिवस लागले. छतावरच्या रुळांवरून कॅमेरा यायचा, गज बिजागऱ्यांवर बाजूला व्हायचे, बाहेरच्या क्रेनच्या आकड्यात कॅमेरा अडकायचा. कोणी मारलं, कसं मारलं, दिसत नाही. जार्मुशने चौतीस वर्षांनी त्याच प्रांतात खून दाखवला आणि आत शिरण्याची वाट लपवली. मला हे दोघे एकमेकांचे शेजारी वाटतात.

म्हणून 'लिमिट्स ऑफ कंट्रोल'ला स्वप्नवत म्हणून सोडून देणं मला पटत नाही. स्वप्नासारखं वाटतं कारण त्यातल्या जागेने आधी फार स्वप्नं वाहिली आहेत. टिल्डा स्विंटनची बाई पांढऱ्या केसांच्या टोपात, काउबॉय हॅट घालून पारदर्शक छत्री घेऊन माद्रिदमध्ये अवतरते आणि ऑर्सन वेल्सबद्दल बोलते, ती हॅट कुठून आली असेल हे अल्मेरियाला ठाऊक आहे. रानात येणाऱ्या ट्रकवर 'जगण्याची किंमत शून्य' अशा अर्थाचं मेक्सिकन गाण्यातलं वाक्य रंगवलेलं असतं. रंगवलंय झकास, अक्षरं बघण्यासारखी आहेत. आणि शेवटी बिल मरेचा अमेरिकन साहेब, वर हेलिकॉप्टर, भोवती कुंपण, पहारा, जमिनीखाली असावी तशी बंद खोली. हे काल्पनिक म्हणावं, तर पालोमारेसच्या माणसांनी कुंपण, पहारा आणि हेलिकॉप्टरं ४३ वर्षांपूर्वी पाहिलेली होती.

एका गोष्टीवरून मात्र माझं जार्मुशशी भांडण आहे. सिनेमावाले कमी झाले तेव्हा अल्मेरियाने नवा वेष घेतला तो प्लास्टिकचा. जमिनीखालचं पाणी उपसून, वाळू पसरून, वर प्लास्टिकचं छत घालून भाजी पिकवायची. आज तीस हजार हेक्टरांहून जास्त जमीन या छतांखाली आहे आणि युरोपच्या हिवाळ्यातले टोमॅटो, काकड्या आणि ढोबळ्या मिरच्या तिथून जातात. आत उकाड्यात राबणारे मजूर मोरोक्कोचे, माली-सेनेगलचे. ज्या प्रांतातून माणसं पोटासाठी बाहेर गेली, तिथे आता दुसरी माणसं पोटासाठी येतात. २००० सालच्या फेब्रुवारीत एल एहीदो गावात या मजुरांची घरं, दुकानं दिवसाढवळ्या जाळली गेली.

त्यानंतर नऊ वर्षांनी आयव्हरी कोस्टमध्ये जन्मलेला इसाक द बँकोले नीटनेटका सूट घालून याच प्रांतात उतरतो, आणि सबंध चित्रपटात कोणी त्याला कागदपत्रं विचारत नाही. सेव्हिलच्या गल्लीत पोरं विचारतात, 'तू अमेरिकन गँगस्टर आहेस का?' तो नाही म्हणतो. हा प्रश्न मला फार आवडतो, कारण पोरांनी सिनेमे पाहिलेत. पण अल्मेरियाच्या रस्त्यावर काळा माणूस चालताना दिसला, तर तिथलं पोर गँगस्टर म्हणणार नाही. ते त्याला ढोबळ्या मिरच्या तोडणारा मजूर समजेल. जार्मुशने त्या रस्त्यावरच्या एका मजुराला नुसतं समोरच्या टेबलाशी बसवून दुसरा कप त्याच्याकडे सरकवला असता, तर तो चित्रपट मला आणखी आवडला असता.